दाबा आणि थांबा

"दाबा! अरे भो, दाबा! दाबा!"

अक्का ओरडत होती आणि मी दाबत होतो. असा दाबत होतो की माझं वल्हं पाण्यात नाही, धरणाच्या बुडाशी गाडलेल्या गावाच्या कौलांवर आपटतंय असं वाटावं. दाबा म्हणजे आमच्या भाषेत जोर लावा. वल्हवण्याच्या खेळात दुसरं कोणी तो शब्द वापरत नसेल, पण आमचे क्रीडाशिक्षक मूळचे कबड्डीचे. त्यांना कबड्डीत जे येत होतं ते त्यांनी सगळं नावेत आणलं.

अक्का आमची सुकाणूवाली. मूळची एरंडोलची, वजनाला भिजलेल्या मांजराएवढी, वयाने आम्हा सगळ्यांत लहान. पण तिने एकदा हाक मारली की पलीकडच्या तीरावरची म्हैसही वळून बघे, म्हणून ती अक्का. वल्हवणारे नावेच्या मागच्या टोकाकडे तोंड करून बसतात. आपण कुठे चाललोय हे त्यांना दिसत नाही, ते दिसतं फक्त सुकाणूवालीला. मी तिच्या अगदी समोर, गुडघ्याला गुडघा लागेल असा. माझ्यापुरतं जग म्हणजे एक निळा मास्क आणि त्याच्यावर दोन डोळे.

ते डोळे माझ्याकडे बघत नव्हते. माझ्या खांद्यावरून, माझ्या मागे बघत होते. आणि मोठे होत चालले होते.

मागे भाऊ बसला होता, सगळेच त्याला भाऊ म्हणत. धरणगावचा, दाराच्या चौकटीत आडवा होऊन शिरणारा. त्याने एकदा चिखलात रुतलेली रुईची गाडी एका खांद्याने बाहेर काढली होती. मी पाहिलं नाही, पण मी हे इतक्यांदा सांगितलंय की आता पाहिल्यासारखंच झालंय. भाऊचं ते कॉलेजचं शेवटचं वर्ष. आदल्या वर्षी साथीमुळे विद्यापीठाची शर्यतच झाली नव्हती. या वर्षी होणार म्हटल्यावर तो गल्लीत नाचला होता.

पण झाली ती कशी! प्रेक्षक नाहीत, हस्तांदोलन नाही, संघ आठ दिवस एकाच वसतिगृहात कोंडलेला, एक गडी आजारी पडला तर अख्खा संघ घरी. शिवाय नावेत एक सोडून एक बसायचं. आठांच्या नावेत चार. हा नियम ज्याने काढला त्याने नाव फक्त कॅलेंडरवर पाहिली असणार. कारण आठांच्या नावेत एक वल्हं डावीकडे, पुढचं उजवीकडे अशी रचना. एक सोडून एक बसवल्यावर चारही वल्ही एकाच बाजूला! पहिल्या दिवशी आम्ही तासभर जागच्या जागी गोल फिरलो. धुळ्याचा संघ पलीकडे तसाच घाण्याच्या बैलासारखा फिरत होता. मग दोन वल्ह्यांचे लोखंडी आधार उलट्या बाजूला ठोकले, तेव्हा कुठे नाव सरळ धावली.

सगळ्यात वाईट नियम शेवटचा: ओरडायचं नाही. तोंडातून तुषार उडतात. मग सुकाणूवालीने करायचं काय? सरांनी अक्काच्या मांडीवर स्टीलची थाळी बांधली, हातात पळी दिली. एक ठोका म्हणजे ओढा. दोन ठोके लागोपाठ म्हणजे थांबा.

शर्यतीच्या दिवशी ऊन असं होतं की सावलीलाही घाम फुटला होता. फाटकावरच्या वॉचमनकडे ताप मोजायची बंदूक होती. ती उन्हात तापून सगळ्यांनाच ताप दाखवायला लागली, वॉचमनलासुद्धा. मग त्याने खानदेशी डोकं चालवलं. प्रत्येकाने कपाळावर ओला रुमाल धरून यायचं! आता बंदुकीने जे आकडे दाखवले, त्यांच्या हिशेबाने आम्ही सगळे परवाच मेलेलो होतो.

"जा, बठ्ठा थंडा शे," वॉचमन म्हणाला. बठ्ठा म्हणजे सगळे.

भाऊच्या कपाळावर त्याने दोनदा बंदूक रोखली. रुमाल पुन्हा भिजवायला लावला. मग त्यालाही जा म्हणाला.

सकाळी जेवताना भाऊ एवढंच बोलला होता, "आज भरीतले वासच नही." लसूण, मिरची, कांद्याची पात, वर शेंगदाणे. त्या भरिताचा वास नशिराबादपर्यंत गेला असेल. आम्ही हसलो. "भाऊ, नाक धरणगावला ठेवून आलास का?" अक्का हसली नाही. ती त्याच्या ताटाकडे बघत राहिली. ताट भरलेलं होतं.

"भाऊ, तुला बरं नाही का?" तिने विचारलं.

"मी बरा शे," तो म्हणाला आणि हात धुवायला उठला.

शर्यत सुरू झाली. टण, ओढ. टण, ओढ. पाणी शिशासारखं जड. पहिलं वळण आम्ही धुळ्यापुढे घेतलं. तिथे काठाला एक गाव लागतं. प्रेक्षक नाहीत हा नियम विद्यापीठाने सगळ्यांना कळवला होता, त्या गावाला सोडून. बाया धुणं धूत होत्या, त्यांनी पाण्यावरून येणारी थाळी ऐकली.

थाळी वाजली म्हणजे काय, हे आदल्या वर्षी अख्खा देश शिकला होता. कुणीतरी ओरडलं, "वरून हुकूम आला!" आणि गाव बाहेर आलं. थाळ्या, परात, कढई, एकाने तर पत्र्याचं दारच बडवायला घेतलं. आवाज असा की धरणातले मासे पलीकडून बाहेर पडून एरंडोलच्या रस्त्याला लागले असतील. हजार ठोके, त्यात आमचा कुठला?

त्याच वेळी अक्काने दोन ठोके दिले असणार. मला ऐकू आले ते हजार. म्हणजे वेग वाढवा, असं मी धरलं.

नाव एकाएकी जड झाली, एका बाजूला ओढायला लागली. मला वाटलं धुळ्याच्या नावेची लाट. मी आणखी जोर केला. अक्काने पळी टाकून दिली आणि नियम मोडून मास्कच्या आतून ओरडायला लागली. एकावर एक दोन मास्क, त्यावर सरांनी चढवलेला तिसरा. त्यातून बाहेर येताना शब्दाचं पहिलं अक्षर गळून पडत होतं. "...बा! ...बा!"

दाबा! मी दाबलं. सगळ्यांत मागच्या दोघांनी दाबलं. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि मी मनात म्हटलं, बघा, जिंकणार म्हणून पोरगी रडायला लागली.

काठावरचं निशाण गेलं. भोंगा वाजला. आम्ही जिंकलो होतो. धुळ्याची नाव इतकी मागे होती की त्यांना आमच्यापर्यंत यायला एस.टी. पकडावी लागली असती.

आणि अक्काने तिन्ही मास्क एका हाताने ओरबाडून काढले.

"थांबा! थांबा म्हणतेय मी कवापासून! तो पडी गया रे!"

मी मागे वळलो. भाऊ समोरच्या रिकाम्या जागेवर पालथा पडला होता. वल्हं हातातून सुटून पाण्यात घसटत होतं. ती जागा रिकामी नसती तर मधला गडी तरी दचकला असता, नाहीतर भाऊचं डोकं माझ्या पाठीवर आलं असतं. अंतर ठेवलं म्हणून मला कळलं नाही. त्याच्या बरगड्या भात्यासारख्या आत जात होत्या आणि ओठ जांभळाच्या रंगाचे. मागच्या दोघांना त्याची पाठ दिसत होती; ती वाकली तेव्हा त्यांना वाटलं, भाऊ जोर लावतोय. काठाकाठाने पळत आलेलं गाव अजून थाळ्या बडवत होतं, हसत होतं. त्यांना वाटलं आम्ही जिंकल्याचा जल्लोष करतोय.

अक्का माझ्या मांड्यांवरून चढून त्याच्याकडे गेली. उघड्या तोंडाने त्याच्या तोंडाशी वाकली. "भाऊ, श्वास घे. भाऊ, ऐक, माझ्याकडे बघ."

सर काठाशी कमरेइतक्या पाण्यात उभे होते. तिने मास्क काढलेला पाहून ते आधी "मास्क! मास्क!" असंच ओरडले. मग त्यांना भाऊ दिसला आणि ते पाणी कापत नावेकडे धावले.

त्यानंतरच्या आठवड्यात जळगावातले दवाखाने कसे भरले ते सगळ्यांना माहीत आहे. भाऊला खाट मिळाली ती व्हरांड्यात. आम्ही बाकीचे वसतिगृहात कोंडून पडलो, आळीपाळीने तापलो, आळीपाळीने निवलो. अक्का सगळ्यांत शेवटी. भाऊच्या नाकाला नळी होती, मग तोंडावर मोठा मुखवटा आला. पुढचं आम्हाला कोणी सांगेना. भाऊचा फोन लावला की बंद. अक्का रोज विचारायची, "लागला का?" नाही म्हटलं की भिंतीकडे तोंड करून पडायची.

एक दिवस लागला. तिथल्या सिस्टरने फोन त्याच्या कानाशी धरला. मागे यंत्राचा फुसफुसाट येत होता, कोणीतरी कण्हत होतं. अक्का माझ्या कानाला कान लावून बसली. मला जे येतं तेच मी केलं. बाता सुरू केल्या. भाऊ, बारा नावांच्या अंतराने जिंकलो! धुळ्याचा संघ रडत घरी गेला! विद्यापीठ तुझा पुतळा बसवणार आहे, फाटकापाशी, कपाळावर ओला रुमाल ठेवलेला! गाव अजून थाळ्या वाजवतंय, थांबायलाच तयार नाही!

मग भाऊचा आवाज आला.

"बरं. ठेव आते. बोलाले दम लागस."