खोबरं खाल्लं नाई

मी शाळेत गेलोच नाई असं नाई. एक दिवस गेलतो. त्या दिवशी गुरुजी आले नव्हते, म्हून मले वाटलं शाळा असंच बसून राहाची असते, अन् तसं तं मले घरी बी जमत होतं. मंग मी काई परत गेलो नाई. हे जे सांगून राह्यलो ते तोंडानं सांगून राह्यलो, लिहून दुसऱ्यानं घेतलं. यात चूक सापडली तं त्याची समजा. खोटं सापडलं तं माहं.

आमी ढिवर. आमचं गाव चंद्रपूर जिल्ह्यात, तलावाच्या पाळीखाली. तलावातली मासोळी साऱ्या सोसायटीची, कोना एकाची नाई. हंगामात मोठं जाळं वढलं का मासोळी पाळीवर वततात अन् तिचे ढीग घालतात, घराले एक ढीग. काट्यावर तोलत बसलं तं उन्हानं मासोळी नरम होते, म्हून हे काम अंदाजानं, हातानं कराचं असते. कतला, रोहू, एखादी मरळ, वरून मूठभर झिंगे. ज्याच्या हातानं ढीग घालाचे तो मानूस खोटा नसला पाह्यजे, नाईतं पाळीवरच भांडन लागते.

हे काम माह्याकडं आलं ते मी विश्वासी, मंजे येशूचा, झाल्यावर. त्याच्या आधी मले जाळ्याजवळ बी बसू देत नव्हते. माही एक लांबची आते हाये, डोक्यावर डालगं घेऊन बाजारात मासोळी विकते. तिनंच सोसायटीत सांगतलं, "ढीग याच्या हातानं घाला. हे हालेलुयावाले खोटं बोलत नाई. अन् याचं तं डोकंच चालत नाई, खोटं सुचन कुठून?"

झालं. मी ढीग घालत जाव, हा तुहा, हा त्याचा म्हनत जाव, अन् लोक मुकाट्यानं उचलून नेत. जिंदगीत मले भेटलेली हे एकच पदवी.

विश्वासात पहिले बायको आली. ते सातवी शिकली, शास्त्र मंजे बायबल वाचते. मी तिच्या मांगं प्रार्थनेले गेलो ते चहासाठी. प्रार्थना झाली का तिथी चहा राह्यते. मंग हळूहळू चहाच्या आधीचं बी कानात जाऊ लागलं. मोबाईलात एकानं शास्त्र भरून देलं, ते मी जाळं विनता विनता आयकत असतो. आयकून आयकून कुठी काय हाये ते माहीत झालं. समजलं किती ते पुढं दिसनच.

आमचं मंदिर मंजे टिनाचा मांडव, आठ-दहा घरं येतात. आमचे पास्टरभाऊ मोटरसायकलनं येतात. आधी ते गडचांदूरले सिमेंटाच्या फॅक्टरीत होते, अन् मानूस बी तसाच, एकदा बसला का हालत नाई. शास्त्रात लिहिलं ते लिहिलं. त्यात आपली मीठ-मिरची टाकाची नाई, लिहिलेलं काढाचं बी नाई. तंबाखू-सुपारीचा खर्रा सोडा. पूजेचं, नवसाचं खाऊ नका. अन् राजकारनाचं त्यायचं एकच, मांडवात कोन्या पार्टीचा गमछा येनार नाई. कोनी बी निवडून येवो, त्याचं नाव घेऊन प्रार्थना कराची, आपलं मत त्याले असो का नसो. कारन राज्य वरून ठरते.

मी एकदा इचारलं, "वरून ठरते तं आमाले बटन दाबाले काऊन पाठवता?"

"मासोळी बी वरूनच येते," पास्टरभाऊ म्हनले. "जाळं टाकाचं सोडलं का तुमी?"

ग्रामपंचायतीची निवडनूक लागली. आमच्या वार्डात दोघं उभे. एक माही आते, कपबशीवर. दुसरा बसथांब्यावरचा पानठेल्यावाला, छत्रीवर. मी पास्टरभाऊले म्हनलं, शास्त्रात पाहून सांगा, कपबशी का छत्री. ते म्हनले, "शास्त्र त्याच्यासाठी नाई. प्रार्थना करा, मानूस पाहा, अन् जे वाटन ते करा. मी नाव सांगनार नाई." मले लय राग आला. मानसानं दहा किलोमीटर मोटरसायकल चालवत याव अन् कामाची गोष्ट सांगू नये.

आमच्याकडं एक रीत हाये. मतदानाच्या आधी उमेदवार घरोघर जातो अन् शपथ घेऊन जातो. हातात नारळ, त्याले हळद-कुंकू लावलेलं. त्याच्यावर हात ठेवून सांगाचं का मत तुलेच.

दुपारी आते आली. नारळ पुढं केला. "हात ठेव."

मी इच्यार केला. पास्टरभाऊनंच शिकवलं होतं का मूर्ती मंजे काईच नाई. मंग नारळ मंजे काय? फळ. फळावर हात ठेवला तं काय बिघडते? बाजारात पन्नास नारळावर ठेवतो, वाजवून बी पाहातो. मी बिनधास्त हात ठेवला. "आते, माहं मत कपबशीले."

तिच्या जिवाले बरं वाटलं. तिनं उंबऱ्याच्या गोट्यावर नारळ फोडला अन् खोबऱ्याचा तुकडा माह्यापुढं केला. मी दोन पावलं मांगं सरकलो, हात जोडले. "नाई आते. हे आमाले चालत नाई. शास्त्रात मनाई हाये."

आते मले पाहातच राह्यली. "पक्का हायेस रे बावा," म्हने. माही छाती अशी फुगली का बनियनची शिवन उसवली असती.

संध्याकाळी पानठेल्यावाला आला. तो हुशार. "भाऊ, नारळ तुमच्यासाठी काईच नाई, मले माहीत हाये. तुमचं काळं पुस्तक आना."

आता, बायको शेजारच्या आजारी बुडीले वाचून दाखवाले गेलती, शास्त्र संगं घेऊन. पन शास्त्राच्या काळ्या कव्हराची चैन तुटलेली, म्हून ते शास्त्र टावेलात गुंडाळून नेत जाय अन् कव्हर खुटीले लटकलेलं राहे. त्यात रेशनकार्ड, आधारकार्ड अन् लाईटाचे बिलं. मी ते कव्हर काढलं अन् मोठ्या मानानं पुढं धरलं.

"लय पातळ दिसून राह्यलं शास्त्र," तो म्हनला.

"वाचून वाचून," मी म्हनलं.

मी हात ठेवला. छत्री म्हनलं. तो म्हनला, "निवडून आलो का तुमच्या मांडवापुढच्या गल्लीत मुरूम टाकून देतो. पावसात बायामानसं घसरतात, पाहावत नाई."

मतदानाच्या दिवशी मी छत्रीच दाबली. मनाले समजावलं का मुरूम तं प्रभूच्या घराले लागून राह्यला.

थोड्या मतानं छत्री निवडून आली. आते पडली. पडली ते पडली, पन बोअरिंगवर पान्याले येनाऱ्या दर मानसाले सांगत बसली, "बाकीच्यायनं फसवलं मले. पन माह्या भाच्यानं हात ठेवलाय. ते एक मत पक्कं माहं." मी गुंडी अर्धीच भरली अन् निघालो.

आता शहान्या मानसानं इथी तोंड बंद ठेवलं असतं. पन रविवारी मांडवात साक्ष देतात, मंजे प्रभूनं आपल्यासाठी काय केलं ते उभं राहून सांगाचं. कोनाचा ताप उतरलेला राह्यते, कोनाची गाय सापडलेली राह्यते. मी उभा राह्यलो. लोकायले हासवाची माही जुनी खोड. सांगतलं, प्रभूनं मले कशी अक्कल देली. नारळ कसा फळ निघाला, खोबरं मी कसं नाकारलं, अन् पानठेल्यावाल्यानं कसा रेशनकार्डावर हात ठेवून घेतला. सारे हासले. एक म्हातारा तं खोकत बाहेर गेला. फक्त दोघं हासले नाई. एक पास्टरभाऊ, दुसरी माही बायको.

त्या दिवशी प्रभुभोजन होतं. ताटात भाकरीचे तुकडे, लहान लहान पेल्यात द्राक्षाचा रस; मन साफ असन त्यानंच घ्याचं. ताट माह्यापाशी आलं. पास्टरभाऊ हळूच म्हनले, "तुमी आज थांबा, भाऊ." अन् ताट बायकोकडं गेलं. तिनं घेतलं, पन माह्याकडं पाह्यलं नाई.

सारे गेल्यावर त्यायनं मले जवळ बसवलं.

"तुमी खोबरं खाल्लं नाई."

"नाई पास्टरभाऊ. जराबी नाई."

"शपथ मातर आख्खी गिळली."

मी म्हनलं, "पन नारळ तं काईच नाई ना? तुमीच सांगतलं. अन् कव्हरात शास्त्र नव्हतंच."

"कबूल. नारळ काईच नाई, कव्हरात रेशनकार्ड. पन तोंड कोनाचं होतं?"

"माहं."

"बाप्तिस्मा घेतला तवा ते पान्याच्या बाहेर राह्यलं होतं का?"

बाप्तिस्मा माहा याच तलावात झालता. पुरा बुडवला होता, नाकात पानी गेलतं.

"प्रभूनं शपथ वाहूच नका म्हनून सांगतलंय," ते म्हनले. "हाव असन तं हाव, नाई असन तं नाई. विश्वासी मानसाचा नुसता शब्दच पुरला पाह्यजे. आतेकडं जा, पानठेल्यावाल्याकडं जा. खरं सांगा. मंग या."

"मत मुरूमासाठी देलं, अन् मुरूम प्रभूसाठीच होता."

"प्रभूच्या घराले खोट्याचा मुरूम लागत नाई."

"आतेले सांगतलं तं ढीग घालाचं काम जाईन माहं."

"जाईन," पास्टरभाऊ म्हनले, अन् मोटरसायकलले किक मारली. सांगतलं ना, सिमेंट.

घरी बायकोनं कव्हर खाली केलं. रेशनकार्ड अन् बिलं बिस्किटाच्या डब्यात ठेवले. चैनीले सुईदोरा लावत बसली. मले काई बोलली नाई, अन् भाजीत मीठ बरोबर होतं. तिचा राग असाच राह्यते.

मी सोपं काम पहिले केलं. पानठेल्यावर गेलो अन् सांगतलं का कव्हरात रेशनकार्ड होतं. त्यानं हासून हासून चुना सांडला. "मत पडलं ना? मंग हात कशावर होता मले काय करा लागते. अन् भाऊ, मुरूम मी साऱ्याच गल्ल्यायले सांगतलाय." खर्रा पुढं केला. मी घेतला नाई. मंजे हात पुढं गेलता, मंग मांगं घेतला.

आतेकडं जाले मले आठ दिवस लागले. तिचं घर चार घरं सोडून हाये. ते ओट्यावर मासोळी निवडत होती. मी उभ्या उभ्या सारं सांगून टाकलं. नारळाले मी फळ समजलो, मत छत्रीले देलं.

तिनं हातातली मासोळी डालग्यात ठेवली. "तुह्यासाठी नारळ काईच नाई," म्हने. "माह्यासाठी होता ना रे?"

मी डालग्यातली मासोळी उगीच सरळ केली.

"अन् मंग खोबरं काऊन नाई खाल्लं?"

"पाप लागते म्हून."

ते हासन असं मले वाटलं. हासली नाई. "मी साऱ्या गावाले सांगत फिरली, भाचा माहा खरा हाये म्हून. आता तूच सांग. जाळं वढाच्या दिवशी, पाळीवर, साऱ्यायपुढं."

जाळं वढलं. मासोळी वतली. सारी सोसायटी उभी, मी ढीग घालाच्या आधी तोंड उघडलं अन् सांगतलं. या खेपेले कोनी हासलं नाई, अन् मी बी हासवलं नाई. मंग एक म्हनला, "वा रे हालेलुया." दुसरा म्हनला, "याच्यापक्षा तं आमी बरे, आमी खोबरं तरी खातो." तिसरा म्हनला, दुसऱ्या कोनाच्या हातानं ढीग घाला. मी हात पुसून मांगं सरकलो.

आते पुढं आली. "ढीग यालेच घालू द्या. याचा हात खोटा नाई, तोंड खोटं हाये. म्हून आता हा बोलनार नाई. हा काडीनं ढीग दाखवन, अन् मी पाठ फिरवून एकेकाचं नाव घेईन. कोनाले कोनता भेटला ते ना याच्या हातात, ना माह्या डोळ्यात."

अन् ते तलावाकडं तोंड करून उभी राह्यली. मी ढीग घातले. काडी ठेवली. लोक इचारत, "हा कोनाचा?" अन् आते पान्याकडं पाहात नाव घे. तिची ते पाठ मले अजून दिसते, लुगड्यावर खवले चिकटलेले.

शेवटी माहंच नाव राह्यलं अन् एकच ढीग राह्यला. तो मी घाईघाईत घातलेला, साऱ्यात लहान, त्यात झिंगेच जास्त. घरी नेला तं बायकोनं पाह्यला अन् कव्हढ्या दिवसानं पहिल्यांदा बोलली, "माप तुमच्याच हातचं हाये."

पुढच्या प्रभुभोजनाले ताट माह्यापाशी थांबलं. माह्या हाताले मासोळीचा वास होता. मी तुकडा उचलला.

आता आमच्या पाळीवर तेच रीत पडली. पोरायले वाटते जुन्या जमान्यातली हाये. मी सांगत बसत नाई. मुरूम बी अजून आला नाई; पावसात चिखल तुडवत मांडवात जातो अन् दाराशी पाय धुतो. आत गेलं का पास्टरभाऊ राज्य करनाऱ्यायसाठी प्रार्थना करतात, दिल्लीपासून तं आमच्या वार्डापर्यंत. पानठेल्यावाल्याचं नाव आलं का साऱ्यात मोठं आमेन माहं असते. मत माहंच हाये ना त्याच्यात.