कागदावर न जन्मलेला कारखाना

कुठलीही वस्तू मोजपट्टी न लावता नुसती हातात घेऊन तिच्या खोक्याचं माप सांगणारा माणूस, म्हणून त्यांना सगळे खोकेमास्तर म्हणतात. बूट असो, दिवा असो की औषधाची बाटली. दोनदा उलटसुलट करायची, पुठ्ठ्यावर पेन्सिलीने चार रेघा मारायच्या, की पहिलंच खोकं नेमकं बसायचं. वस्तू आत घालून हलवली तर आवाज येता कामा नये, ही त्यांची परीक्षा. एकतीस वर्षांत आवाज आला तो दोनदा. दोन्ही वेळा गिऱ्हाईकानेच बाटली बदलली होती, असं ते अजून सांगतात.

कारखाना म्हणजे पत्र्याच्या छपराची एक लांबट खोली. दाराशी पुठ्ठ्याचे गठ्ठे, मध्ये कापायचं मशीन, पलीकडे चिकटवायची टेबलं आणि सगळीकडे खळीचा आंबूस वास. दारावर पाटी नव्हती. "पाटी कशाला? ज्याला यायचंय तो माझं नाव विचारत येतोच," असं मास्तर म्हणायचे.

व्यवहारही असाच, नावावर. पुठ्ठ्याचा व्यापारी पंचेचाळीस दिवसांच्या उधारीवर माल द्यायचा, तो मास्तरांच्या नावाने. चाळिसाव्या दिवशी त्याचे पैसे मास्तरांच्या घरच्या खात्यातून पोचायचे. जागेचं भाडं त्यांच्या नावाचं, विजेचं बिलही. पुढे मशीन बदललं तेही वैयक्तिक कर्जावर. पाती आणि सुटे भाग ज्या क्रेडिट कार्डावर यायचे, त्याच कार्डावर बायकोचा चष्मा आणि मुलीची पुस्तकंही यायची.

अकरा वर्षांपूर्वी बायकोच्या धाकट्या भावाने त्यांना पहिल्यांदा टोकलं. तो हिशेबतपासनीस.

"दाजी, कारखान्याची नोंदणी करा. त्याच्या नावाने वेगळं खातं काढा, माल त्याच्या नावावर घ्या. आणि बँकेकडून एक लहानसं कर्ज काढून वेळेवर फेडा."

"मला कर्जाची गरज नाही."

"नाही म्हणूनच काढा. गरज पडेल तेव्हा बँक विचारणार, या कारखान्याने आधी कुणाचे फेडलेत?"

"गरज नसताना कर्ज! ताईने तुला लहानपणी पाळण्यातून पाडलं होतं म्हणतात, ते खरं दिसतंय."

"पाडलं होतं, पण हिशेबाच्या बाजूवर नाही."

"मी नाही हं पाडलं," आतून बायकोचा आवाज आला, "तोच वळवळ करायचा."

हसण्यावारी गेलं, तरी मास्तरांनी दुसऱ्या दिवशी नोंदणीचा अर्ज आणला आणि बसून भरला. पत्ता, कामाचं स्वरूप, सुरू केल्याचं वर्ष. एक रकाना अडला: व्यवसायाचं नाव. त्यात त्यांनी स्वतःचं नाव लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं, पुन्हा खोडलं. कारखान्याला वेगळं नाव द्यायचं म्हणजे तो आपल्यावाचूनही चालू शकतो असं मान्य करायचं, आणि तेवढं त्यांच्या हातून लिहिलं गेलं नाही. अर्ज टेबलाच्या खणात, पात्यांच्या पाकिटांखाली गेला.

चार वर्षांपूर्वी बूट बनवणाऱ्या एका कंपनीने सात महिने पैसे अडकवले. मास्तरांपुढे दोन देणी होती, पुठ्ठेवाल्याचं आणि बँकेचं. त्यांनी पुठ्ठेवाल्याला चाळिसाव्या दिवशीच पैसे दिले आणि मशीनच्या कर्जाचे पाच हप्ते चुकवले. शब्द दिला होता तो पुठ्ठेवाल्याला. बँकेशी नुसता कागद होता. पुढे हप्ते दंडासकट भरले आणि विषय संपला असं धरलं. शब्द पाळल्याची नोंद कुठेच झाली नाही. हप्ते चुकल्याची झाली, आणि ती त्यांच्या नावावर राहिली.

मुलगी सात वर्षं त्यांच्याबरोबर काम करत होती. तिला पगार नव्हता. "घरचंच तर आहे," असं मास्तर म्हणायचे, आणि तिलाही त्यात काही वावगं वाटत नव्हतं. गेल्या वर्षी तिने एका औषध कंपनीचं तीन वर्षांचं काम मिळवलं. अट एकच होती: दोन महिन्यांत दुसरं मशीन बसलं पाहिजे. मास्तरांचा उजवा हात तोवर थरथरायला लागला होता आणि डॉक्टरांनी मशीनला हात लावायला मनाई केली होती. हे काम मिळालं तर कारखाना तिच्या हातात उभा राहणार होता. नाही मिळालं, तर तो मास्तरांच्या हाताबरोबरच थांबणार होता.

दोघं बँकेत गेले. कर्ज विभागातली बाई वयाने मुलीएवढीच होती, बोलायला सौम्य.

"किती वर्षं चालू आहे काम?"

"एकतीस."

तिने पडद्यावर बराच वेळ पाहिलं. "काका, इथे कारखाना म्हणून काहीच दिसत नाही. तुम्ही दिसता, आणि तुमचे चुकलेले पाच हप्ते."

"त्याच वर्षी मी पुठ्ठेवाल्याला एक दिवस उशीर केला नाही. फोन लावा, विचारा त्याला."

"त्यांनी तसं कुठे कळवलंय?"

कळवलं नव्हतं. बाईंनी मुलीकडे मान वळवली. "तुमच्या नावावर अर्ज करता येईल. तुमचा पगार किती?"

मुलीने वडिलांकडे पाहिलं. वडील टेबलाकडे बघत होते.

संध्याकाळी मास्तरांनी मेव्हण्याला विचारलं, "आता नोंदणी केली तर?"

"आता केली तर कारखाना आज जन्माला येईल, दाजी. पायावर उभं राहायला दोन-तीन वर्षं लागतील." या वेळी त्याने विनोद केला नाही. काम दुसऱ्या कारखान्याला गेलं.

पुढच्याच आठवड्यात पाती शोधताना मुलीला खणात तो अर्ज सापडला. कडा पिवळ्या पडल्या होत्या.

"बाबा, हा तर सगळा भरलेला आहे. एकच ओळ राहिली होती."

"नाव सुचत नव्हतं."

"मला विचारायचंत."

"तू शाळेत होतीस तेव्हा."

"मग काय झालं? दहा सुचवली असती." ती एवढंच बोलली. रागावली असती तर बरं झालं असतं, असं मास्तर नंतर बायकोला म्हणाले.

मशीन विकलं. आलेल्या पैशांत कर्जाची बाकी फिटली आणि उरलं जवळजवळ काही नाही. एकतीस वर्षांची जागा एका दुपारी रिकामी झाली. मुलीने बाजारामागे दोन खोल्या भाड्याने घेतल्या, पण त्याआधी नाव नोंदवलं, खातं काढलं आणि दारावर पाटी लावली. पाटीवर मास्तरांचं नाव नाही. मशीनही नाही, पुठ्ठा हाताने कापतात. पुठ्ठेवाला या नव्या नावावर एका वेळी आठच गठ्ठे देतो, तीस दिवसांच्या बोलीवर. ती विसाव्या दिवशी पैसे भरते आणि वेळेवर मिळाल्याचं त्याच्याकडून लेखी घेते. मास्तर सकाळी तिथे मापं काढतात. एक तारखेला त्यांना पगार मिळतो, पावतीसह.

"घरचंच तर आहे. मला कशाला पगार?"

"घरचंच आहे, म्हणूनच."

मागच्या महिन्यात तिला एकदम वीस गठ्ठ्यांचं काम आलं. ती गिऱ्हाईकाकडे गेली होती, म्हणून मास्तर माल आणायला गेले.

"वीस?" पुठ्ठेवाला म्हणाला. "पोरीच्या खात्यावर आठच्या वर नाही जमायचं, मास्तर. पण तुमच्या नावावर उचला ना! तुम्हाला मी कधी नाही म्हटलंय?"

टेम्पो दारात उभा होता. मास्तरांनी गठ्ठ्यांवर हात ठेवला.

"माझ्या नावावर नको. आठच चढव."

"अहो, एकतीस वर्षांचा विश्वास आहे आपला."

"माहीत आहे. त्याचा तिला काही उपयोग नाही."

मुलगी परतली तेव्हा आठ गठ्ठे भिंतीशी लागले होते. तिने मोजले.

"बाबा, वीस हवे होते. त्याने तुमच्या नावावर देतो म्हटलं असेल ना?"

"म्हटलं."

तिने गिऱ्हाईकाला फोन लावला आणि माल तीन खेपांत मिळेल असं कळवलं. गिऱ्हाईक कुरकुरलं, शेवटी कबूल झालं. फोन ठेवेपर्यंत मास्तरांनी पहिल्या गठ्ठ्याची दोरी सोडली होती आणि एक पुठ्ठा टेबलावर पसरला होता. पेन्सिलीची रेघ सरळ येईना. मुलीने पट्टी धरली.