ठकीची मांदेली

“देव थांबतो गं, ही थांबत नाही,” असं म्हणत काकू पदराचं टोक नाकाला लावायच्या आणि दुसऱ्या हाताने पातेल्यातली मांदेली ढवळायच्या. जन्मात अंडंसुद्धा न शिवलेली ही बाई रोज सकाळी गॅलरीत वेगळ्या शेगडीवर मासे शिजवायची. मग आंघोळ, मग पूजा. आमच्या मुलुंडच्या बिल्डिंगमध्ये मासे खाणारी घरं पुष्कळ, पण भल्या सकाळी वास यायचा तो या एकट्या शाकाहारी घरातून.

ठकी म्हणजे त्यांची मांजर. काका गेल्यावर काकूंनी अंथरूणच धरलं होतं. आजार म्हणावा असा काही नव्हता. शेजारीण म्हणून मी बेल वाजवायचे, तेव्हा कुठे दुपारी पहिला चहा व्हायचा. बीपीच्या गोळ्या पाकिटात तशाच पडलेल्या. मुलगा रविवारी अंधेरीहून यायचा, रागवायचा, काळजी करत परत जायचा. एका सकाळी स्वयंपाकघराच्या ग्रिलमधून एक मरतुकडं पांढरं पिल्लू आत शिरलं आणि ओट्यावर बसून ओरडायला लागलं. काकूंना उठावंच लागलं. त्या उठल्या त्या उठल्याच.

मासळीतलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं. पापलेट एवढं एकच नाव ऐकलेलं, म्हणून ठकीला रोज पापलेट. आमच्याकडे पाहुणे आले तरच येतं ते. शेवटी मार्केटातल्या कोळणीलाच राहवलं नाही. “आजी, मांजराला मांदेली ने. पापलेट पावण्यांना घाल,” ती म्हणाली. तेव्हापासून दोघींची गट्टी जमली. नाक झाकून कोळणीशी तासभर गप्पा मारणारी बाई तुम्ही कुठे पाहिली असेल असं मला वाटत नाही.

ठकीचं जेवण झालं की आपली गोळी, असा त्यांनी नेम घालून घेतला. बीपी ताळ्यावर आलं. डॉक्टरांनी विचारलं, योगाबिगा सुरू केलात का? काकूंनी नुसती मान हलवली. घरी येऊन मला म्हणाल्या, मांजर पाळलंय हे त्यांना काय सांगायचं, औषध म्हणून लिहून देतील सगळ्यांना.

मग त्या पडल्या. ठकी पायात आली होती. मुलाला मात्र त्यांनी ओल्या फरशीवरून घसरले असं सांगितलं, आणि मलाही बजावलं, तिचं नाव काढायचं नाही. हाड मोडलं नव्हतं, पण मुलगा आता ऐकेना. आईला एकटं ठेवायचं नाही म्हणाला. त्याच्या घरी मांजर नेणं शक्य नव्हतं, कारण सुनेला दमा. यात कुणाचं काय चुकलं, हे मला अजून सांगता येत नाही. कुणी वाईट असतं तर निदान भांडता तरी आलं असतं.

निघायच्या दिवशी काकूंनी मला मांदेली शिजवायला शिकवली. मला, मालवणच्या मुलीला. मीठ घालायचं नाही, काटे काढून भातात कालवायची, गार झाल्याशिवाय वाढायची नाही. ठकी माझ्या कडेवर होती. काकू तिच्याकडे न बघताच लिफ्टमध्ये शिरल्या.

पहिले काही दिवस ठकी त्यांच्या बंद दारापाशी बसून राहिली. फोनवर काकूंचा आवाज आला की सैरभैर व्हायची, म्हणून मी स्पीकर लावणं बंद केलं. नंतर ती विसरली. मांजरच ते. माझ्या मांडीवर झोपायला लागली, चांगली गुबगुबीत झाली.

काकूंना मात्र विसरता येईना. मी अंधेरीला गेले तेव्हा त्या भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. मुलगा हळू आवाजात म्हणाला, रिपोर्ट सगळे नॉर्मल आहेत, ती उठतच नाही. मी जवळ बसून जरा दटावलं.

“उठून करू काय? इथं सगळं आयतं मिळतं,” त्या म्हणाल्या. थोड्या वेळाने विचारलं, “ठकी शोधते का गं मला?”

हो म्हणायचं असं मी वाटेतच ठरवलं होतं. पण त्या माझ्याकडे अशा बघत होत्या की ते जमलं नाही.

“नाही काकू. रमली आमच्याकडे.”

त्यांनी डोळे मिटले. “बरं झालं. एकीचं तरी निभावलं.”

मी निघायला उठले तर माझी काळी ओढणी त्यांनी मुठीत धरलेली. तिच्यावर ठकीचे पांढरे केस चिकटलेले होते. त्या तळव्याने ओढणी कुरवाळत राहिल्या. मी ती खांद्यावरून काढली आणि त्यांच्या उशाशी ठेवून आले.

पुढच्या महिन्यात काकू गेल्या. सुनेने ओढणी स्वच्छ धुऊन, इस्त्री करून माझ्याकडे परत पाठवली.