रकान्यातला 'दो'

समस्त वाचकांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, प्रस्तुत लेखक हा पदवीधर पशुवैद्य असून चष्म्याचा नंबर सोडल्यास त्याच्या दृष्टीत कोणताही दोष नाही. भुताखेतांवर त्याचा काडीचाही विश्वास नव्हता. यातला 'नव्हता' हा शब्द कृपया दोनदा वाचावा.

तर मंडळी... मी जेद्दात, अल अझीझियाला राहतो. मांजरं, ससाणे, क्वचित एखादा रुसलेला उंट, असा माझा पेशंटवर्ग. गेल्या हिवाळ्यात ताइफजवळच्या डोंगरातून बोलावणं आलं. तिथल्या एका इस्तिराहावर — म्हणजे आपलं फार्महाऊस — मालकाने हौसेने पाळलेलं एक काळं अस्वल होतं. मादी, छातीवर पांढरी चंद्रकोर. हौस फिटली, पिंजरा उरला.

परदेशातलं एक अभयारण्य तिला घ्यायला तयार होतं, पण त्यांना आधी सात दिवसांच्या नोंदी हव्या होत्या. जंगली अस्वलाचं काही तिच्यात शिल्लक असेल तर नेऊ. नुसत्या फेऱ्याच मारत असेल, तर नाही. आणि 'नाही' आलं, तर तिला कायमचं झोपवणारं इंजेक्शन मीच भरायचं होतं.

नियम असा की निरीक्षक दोन, पिंजऱ्याच्या दोन बाजूंना, आणि रिपोर्ट जाईपर्यंत आपापसात चकार शब्द नाही. दुसरा निरीक्षक आणणार कुठून? आमच्या सौ., संध्या. सरकारी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये असते, तेव्हा रजेवर होती. मी तिला खुणा समजावून सांगितल्या. 'झो' म्हणजे झोप, 'खा' म्हणजे खाणं, 'फे' म्हणजे फेऱ्या, 'मा' म्हणजे मान खाली, 'दो' म्हणजे दोन पायांवर उभं. दर दहा मिनिटांनी रकान्यात एक खूण. मी हे समजावत असताना बाईसाहेब थर्मासमध्ये चहा ओतत होत्या. हा तपशील लक्षात ठेवा.

संध्या पलीकडे, मी अलीकडे. माझ्या खुर्चीच्या अगदी पाठीला दुसरा एक पिंजरा होता, रिकामा.

तरुणपणी मी हिमाचलात सहा महिने जंगली अस्वलं पाहिली आहेत. ती ओकाच्या झाडावर चढून फांद्या मोडतात, बसायला त्यांचं आसन करतात, वास आला की उभी राहतात. आमची अस्वलबाई यातलं काही करेना. फेऱ्या, फेऱ्या, फेऱ्या. आठ पावलं जायचं, मान फिरवायची, आठ पावलं यायचं. माझा कागद 'फे'ने भरला आणि मला ते इंजेक्शन दिसायला लागलं.

फक्त दुपारी, अस्रची अजान होऊन गेली की पावणेचारच्या सुमारास, ती मधेच थांबायची. माझ्या दिशेला बघायची. मग अंग आडवं करून, मान खाली घालून, हळूहळू मागे सरकायची. जंगलात हे मी पाहिलं होतं. आपल्याहून मोठं अस्वल समोर आलं की लहान अस्वल त्याला अशी वाट देतं.

पहिल्या दिवशी मला मौज वाटली. म्हटलं, डॉक्टरांचा दरारा! तिसऱ्या दिवशी कळलं की ती माझ्याकडे बघतच नाहीये. माझ्या डोक्याच्या वीतभर वर बघतेय. त्याच वेळी मानेवर गरम, दमट वारा यायचा आणि ओल्या लोकरीचा वास. त्या कोरड्या डोंगरात ओलं काय असणार... मी ठरवलं, मागे कुठेतरी जनरेटर आहे. वळून पाहिलं? नाही. का नाही, विचारू नका. मी मफलर गुंडाळला आणि 'मा' लिहिलं.

सातव्या दिवशी मी दोघांचे कागद जुळवायला बसलो. संध्याच्या कागदावर रोज पावणेचारला — 'दो'! मला आनंदाने ओरडावंसं वाटलं. बाई उभी राहते! तिच्यात जंगल शिल्लक आहे! माझ्या कागदावर त्याच वेळी 'मा' कसं, हा प्रश्न पडला, पण मी तो दाबला. म्हटलं, घड्याळं मागेपुढे असतील. मला त्या 'दो'वर विश्वास ठेवायचा होता. रिपोर्ट गेला, होकार आला, अस्वल विमानात बसलं.

महिन्याभराने तिकडून मेल आली. झाडावर चढते, उभी राहते, मान कधीच खाली घालत नाही. मी चहाचा कप उंचावून संध्याला म्हटलं, "अगं, तुझ्या 'दो'ने जीव वाचवला तिचा. रोज उभी राहायची, मला मेलं एकदाही दिसलं नाही."

"उभी कुठे राहायची?" संध्या म्हणाली. "दो म्हणजे दोन. हिंदीतलं. दोन दिसली की दो."

"दोन काय?"

"अस्वलं, अहो. एक समोरचं, एक तुमच्या मागच्या पिंजऱ्यातलं. मोठं."

मी तिथल्या राखणदाराला, सुदानी इद्रीसला, फोन लावला. मागच्या पिंजऱ्यात काय होतं? तो म्हणाला, बांधल्यापासून काहीच नाही, कुलूपसुद्धा गंजून बसलंय. आणि जनरेटर? जनरेटर गेटवर आहे, डॉक्टर, तुमच्यापासून लांब.

याचा उलगडा मला आजवर झालेला नाही. क्लिनिकमध्ये मी आता पाठ भिंतीला लावूनच बसतो. फोन ठेवला तेव्हा माझा चेहरा बघून संध्याचाही रंग उतरला. मी विचारलं, इतकं मोठं जनावर माझ्या पाठीशी, सात दिवस, आणि तू एक हाक मारली नाहीस? त्यावर तिच्या तोंडून निघून गेलं:

"अहो, जाळीतून तोंड काढून रोज तुमची मान हुंगायचं ते, आणि तुम्ही शांत लिहीत बसायचात... मला वाटलं, तुमच्या ओळखीचं आहे!"