वद्य पक्षातला पूर

शेचाळिसाव्या वर्षी माझी शाळेतली भूगोलाची कंत्राटी नोकरी गेली. पुढे काय, हा प्रश्न मुलीने फोनवरची जाहिरात पुढे करून सोडवला. "आई, ये देखो, क्लायमेट का काम है, तुझ्यासारखंच कोणीतरी हवंय." बनारसमध्ये वाढलेल्या मुलीचं मराठी असंच चालतं.

हवामानाचं काम म्हणजे परदेशी पदव्या आणि मोठमोठी यंत्रं, अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात त्या प्रकल्पाला नावाड्यांशी बोलणारं, जुने कागद वाचणारं आणि तक्ता नीट भरणारं माणूस हवं होतं. गंगा चढली की घाटावरचं कोणाचं काम किती दिवस बंद पडतं हे शोधायचं आणि इशारा कधी द्यावा याची शिफारस महापालिकेला करायची, एवढं काम. मुलाखतीत मी सांगितलं की माझे सासरे दशाश्वमेधावर महाराष्ट्रातून येणाऱ्या यजमानांचं उपाध्येपण करायचे आणि पाणी चढलं की आपली बसायची लाकडी चौकी किती पायऱ्या वर घेतली ते वहीत लिहायचे. त्या वहीवर मला तीन महिन्यांसाठी घेतलं. वही उपयोगी ठरली तर पुढे कायम.

वही जाड होती, अक्षर मोडी वळणाचं पण स्वच्छ. "श्रावण वद्य पंचमी, पाणी चौकीला. चौकी तीन पायऱ्या वर." पुढे शक. बस. मी फोनवरच्या पंचांगातून एकेका तिथीची इंग्रजी तारीख काढली आणि महिन्याभरात सगळा तक्ता भरून दिला. स्वतःवर खूश होते.

प्रकल्पाच्या प्रमुख माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान, हवामानशास्त्रातल्या डॉक्टर. त्यांनी माझा तक्ता सरकारी पाणीपातळीच्या नोंदींशेजारी ठेवला आणि मला बोलावलं.

"दीदी, आपके ससुरजी के यहाँ बाढ़ एक महीना पहले आती थी क्या?"

निम्म्या नोंदी तंतोतंत जुळत होत्या. उरलेल्या निम्म्यांत नदी अजून खाली असताना सासरे चौकी उचलून पळत होते. "सोमवारपर्यंत कारण सापडलं तर ठीक," त्या म्हणाल्या, "नाहीतर वही बाजूला ठेवावी लागेल." वहीबरोबर मीही, हे त्यांनी सांगायची गरज नव्हती.

दूधविनायक मोहल्ल्यातल्या आमच्या घरी आले तेव्हा सासूबाई मटार सोलत होत्या.

"तोंड का पाडलंयस?"

"मामंजींच्या तिथ्या चुकल्यात."

"हा माणूस लग्नाचा वाढदिवस चाळीस वर्षं विसरला. तिथी विसरला नाही. कुठली चुकली म्हणे?"

"श्रावण वद्य पंचमी. फोन म्हणतो जुलै. तेव्हा पाणी खालीच होतं."

"फोन इथला की आपल्याकडचा?"

"म्हणजे?"

"म्हणजे काय म्हणजे? शेजारीण सावनचे दोन सोमवार करून मोकळी होते, तेव्हा आपला आषाढच चालू असतो ना? पंचवीस वर्षं बघत्येस. शिकवत काय होतीस शाळेत?"

बरोबर होतं त्यांचं. इथला महिना पौर्णिमेला संपतो, आपला अमावास्येला. शुद्ध पक्ष दोन्हीकडे एकाच महिन्यात येतो, पण वद्य पक्षाचं नाव बदलतं. आमचा श्रावण वद्य म्हणजे बनारसचा भादो, भाद्रपद. फोनने इथल्या पद्धतीने तारखा दिल्या आणि वद्यातली प्रत्येक नोंद महिनाभर मागे गेली. दर वर्षी दोन श्रावणांत राहणाऱ्या बाईने हे विसरावं, याला क्षमा नाही. मी वही उघडून बघितलं. न जुळणाऱ्या सगळ्या नोंदी वद्यातल्या होत्या.

शनिवार-रविवार बसून तारखा पुन्हा काढल्या. सोमवारी चूक माझी होती, वहीची नव्हे, असं सरळ सांगितलं आणि नवा तक्ता दिला. प्रमुखबाईंनी दोन्ही तक्ते शेजारी ठेवून एकेक ओळ बोटाने तपासली. मग इतर सगळ्यांना बोलावून मला फळ्यापाशी उभं केलं आणि दोन्ही पंचांगं समजावून सांगायला लावलं. चूक कबूल करणाऱ्याला लगेच शिकवायला उभं करणारे वरिष्ठ मला शाळेच्या नोकरीत एकही भेटले नव्हते.

कायमची नेमणूक त्याच आठवड्यात झाली. त्यानंतर पुष्कळ मुली मला या क्षेत्रात कसं यायचं ते विचारतात. मी त्यांना सांगते की संख्याशास्त्र शिका, कायदा शिका, शक्य ते सगळं शिका, पण तक्ता देण्याआधी तो घरातल्या जाणत्या माणसाला वाचून दाखवा. हसतात. मी मात्र आजही तसंच करते. प्रत्येक अहवाल आधी सासूबाईंना वाचून दाखवते. त्या मधेच थांबवतात, नको ते प्रश्न विचारतात, आणि त्यांतला एखादा तरी मला पुन्हा कामाला बसवतो.