वस्तऱ्याचा बांध

त्याला सगळे वस्तरा म्हणत आणि तो ते नाव बिरुदासारखं मिरवी. त्याच्या शेताचा बांध होताच तसा, नुकतीच दाढी केलेल्या हनुवटीसारखा गुळगुळीत. एखादी काडी उगवलीच, तरी तिला तिथं मुक्काम करायला मिळत नसे. शेजारी धाकट्या भावाचा बांध मात्र झुडपं, वेली, रानफुलांनी गच्च, सशा-सुरवंटांचं माहेरच. धाकट्याला आळस असा प्रिय, की कामाचा नुसता विचार आला तरी तो थकून आडवा होई.

त्या वर्षी दोघांनी भोपळा लावला. वस्तऱ्याच्या वेलींवर फुलं पिवळीधमक उमलली, पण खालची इवली फळं सुकून गळू लागली. धाकट्याकडे भोपळे पोट सुटल्यासारखे लोळत होते.

शेतकी खात्याच्या बाई पाहायला आल्या. "तुमच्याकडे मधमाश्याच नाहीत, दादा. त्यांनी राहायचं कुठं, खायचं काय?" एवढं बोलून त्या धाकट्याच्या बांधाचे फोटो काढायला गेल्या. 'निसर्ग जपणारा शेतकरी' म्हणून धाकटा पेपरात आला. फोटोतही तो झाडाला टेकूनच बसला होता.

वस्तरा दवातून फिरत नर फुलं तोडून मादी फुलांवर हलकेच टेकवू लागला. कंबरेचा पार काटा ढिला झाला.

"मधमाश्यांची ड्युटी तुम्हाला लागली वाटतं?" बायको म्हणाली. "पगाराचं तरी विचारून घ्या."

"गप गं."

"बसते गप. पण पुढच्या वर्षी भोपळा हवा असेल, तर भावजींकडून रानफुलांचं बी मागून आणा."

धाकट्याकडे मागायचं! तो दोन दिवस धुमसला. शेवटी गेला.

"तुझ्या त्या... कचऱ्याचं बी असेल तर दे."

"घे की, दादा," धाकटा पडल्यापडल्याच म्हणाला. "पण फार मागं लागू नकोस त्याच्या. टाकायचं आणि सोडून द्यायचं."

सोडून देणं वस्तऱ्याला जन्मात जमलं नव्हतं. त्यानं बांधावर दोरी ताणली, वीतवीत अंतर आखलं, रानफुलं ओळीत पेरली, झारीनं पाणी घातलं. लोक हसायला येऊन गेले.

पुढच्या हंगामात ती फुलं शिस्तीत उमलली. मधमाश्या आल्या. वेलीवर पहिला भोपळा धरला, टिकला, मुठीएवढा झाला. वस्तरा त्याच्याकडे नातवाकडे पाहावं तसा बघत राहिला.

मग त्याची नजर बांधाकडे गेली. दोन ओळींच्या मधोमध, कुणी न पेरलेलं एक रोप डोलत होतं. त्यावर मधमाशी बसलेली. त्याचा हात कमरेच्या खुरप्याकडे गेला.

"अहो!" बायको ओरडली.

तो थबकला. खुरपं काढून त्यानं तिच्या हातात दिलं.

"कुठंतरी लपवून ठेव," तो म्हणाला. "आणि मी कितीही विचारलं तरी सांगू नकोस."