एकाच बांधीत पडलेल्या दोघी

मी विमान चालवते, आणि माझं मनगट मोडलं ते धानाच्या बांधीत, म्हणजे भाताच्या खाचरात. हे मी विम्याच्या फॉर्मवर जसंच्या तसं लिहिलं. तीच माझी चूक झाली, असं पुढे मला बऱ्याच शहाण्या माणसांनी सांगितलं.

गोंदियाजवळ मुर्रीला आमची थोडी शेती आहे. बाबा गेल्यापासून ती आईच पाहते. त्या वर्षी रोवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या, दिवसांत मला चार दिवस सुट्टी मिळाली आणि मी घरी आले. बायांची टोळी कामावर होती, पण दोघी-तिघी कमी होत्या. आई म्हणाली, बसून काय करशील, पऱ्ह्यांच्या जुड्या तरी उचलून दे. पऱ्हे म्हणजे भाताची रोपं. मी साडी नेसणारी नव्हे, ट्रॅकपँट गुडघ्यापर्यंत दुमडून उतरले. बायांना माझी फार गंमत वाटत होती. आभाळातली बाई चिखलात आली म्हणून त्या हसत होत्या, आणि मलाही जरा मिरवल्यासारखं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी जुड्या घेऊन बांधाच्या कडेनं येताना माझा पाय सटकला. आधारासाठी मी शेजारच्या बाईचा खांदा धरला, तर तीही माझ्यासोबत खाली. मी उजव्या हातावर आपटले आणि तिचा पाय मुरगळला. तिला उभं राहता येईना.

टोळीची म्होरकी साठीच्या घरातली. तिनं हातातली जुडी खाली ठेवली आणि ती बांधावर जाऊन बसली. मागोमाग बाकीच्या सगळ्या. कोणी कोणाला काही सांगितलं नाही.

"काऊन बसल्या वं?" आईनं विचारलं.

"आधी हिच्या पायाचं पाहा," म्होरकी म्हणाली. "मंग रोवू."

आई म्हणाली की माझ्या पोरीचाही हात सुजला आहे, तिनं काय मुद्दाम पाडलं का कोणाला. म्होरकीनं ते शांतपणे ऐकून घेतलं.

"तुमच्याच पोरीनं पाडलं ना तिले."

म्होरकीनं तिथंच सांगून टाकलं. त्याच ऑटोत हिलाही गोंदियाला न्यायचं, डॉक्टरचा खर्च मालकाचा, आणि पाय टेकेपर्यंत हिची रोजी चालू ठेवायची. आई थोडी कुरकुरली आणि हो म्हणाली. पंधरा मिनिटंही लागली नसतील. मी मनगट धरून बसले होते आणि दुखत असूनही एका गोष्टीची नोंद घेत होते, की इथं आमच्या वैमानिक संघटनेसारखा ना अध्यक्ष आहे, ना लेटरहेड, आणि आम्ही मालकाच्या बाजूला आहोत.

गोंदियाच्या डॉक्टरांनी तिच्या पायाला पट्टी बांधली आणि माझ्या मनगटात प्लेट टाकावी लागेल म्हणून सांगितलं. मी विम्याच्या हेल्पलाइनला फोन लावला. आमच्या कंपनीचा विमा फार मोठा आहे. नोकरीला लागताना त्याची रंगीत पुस्तिका मिळते, तिच्यात एक गोरंपान कुटुंब समुद्रकिनारी हसत असतं. हेल्पलाइनवरच्या मुलीनं सांगितलं की गोंदियात आमचं हॉस्पिटल नाही, नागपूरला जा. मी म्हटलं, हात लोंबकळतोय. ती म्हणाली, "मॅडम, आपकी सुविधा हमारे लिए महत्वपूर्ण है," आणि पुन्हा नागपूरचाच पत्ता सांगू लागली. शेवटी ऑपरेशन गोंदियातच करून घेतलं. ते चांगलं झालं.

महिनाभरानं क्लेम नाकारल्याचं पत्र आलं. उड्डाणाव्यतिरिक्त धोकादायक काम करताना झालेली इजा विम्यात बसत नाही, असं त्यात होतं. मी ते तीनदा वाचलं. दीडशे माणसं पोटात घेऊन मी वादळाच्या कडेनं जाते, ते सुरक्षित. गुडघाभर चिखलात वाकून रोपं लावणं मात्र धोक्याचं. आईला वाचून दाखवलं तेव्हा ती म्हणाली, मंग आम्ही सारेच मरून जायले पाहिजे होतं आतापर्यंत.

गंमत तिथंच संपली नाही. सरकारी वैद्यकीय तपासणीत मला तात्पुरतं अपात्र ठरवलं, कारण या हातानं विमान सांभाळता येणार नाही. विम्याच्या डॉक्टरनं तेच एक्स-रे पाहून लिहिलं की दैनंदिन कामात फारसा अडथळा नाही. एकच मनगट, पण विमान उडवण्याइतकं बरं नव्हतं आणि पैसे मिळण्याइतकं मोडलेलंही नव्हतं.

मग मी आमच्या वैमानिक संघटनेच्या प्रतिनिधीला फोन केला. हा एक ज्येष्ठ कॅप्टन. त्याचा आवाज असा, की विमान कितीही हलत असलं तरी त्याची घोषणा ऐकून प्रवासी झोपी जावेत. त्यानं माझं सगळं ऐकलं, मनापासून हळहळला आणि विचारलं, "फॉर्मवर शेत कायले लिहिलं? बाथरूम लिहायचं." तो पुण्याचा, पण मी विदर्भातली म्हणून आपुलकीनं 'कायले' म्हणाला. आपल्याकडे सगळे बाथरूममध्येच पडतात, अशी त्यानं माहिती दिली. मी म्हटलं, पण मी शेतात पडले. तो म्हणाला की मुद्दा तो नाही, विषय मी योग्य व्यासपीठावर मांडतो. योग्य व्यासपीठ म्हणजे व्यवस्थापनासोबत दर महिन्याला होणारं जेवण. त्यानं तो मांडला. त्या महिन्यात गोड पदार्थ फार छान होता, असंही त्यानं सांगितलं.

त्याच दिवसांत ती मुरगळलेल्या पायाची बाई आमच्या घरी आली. चालत आली होती, किंचित लंगडत. आईनं अकरा दिवसांची रोजी तिला पोचवली होती. माझ्या हाताकडे तिनं बराच वेळ पाहिलं.

"तुमची कंपनी पायत नाही काय तुमाले?" तिनं विचारलं.

"पाहून राहिली आहे," मी म्हणाले.

ती आणखी काही विचारील म्हणून मी चहा टाकायला उठले. मला तिच्यासमोर लाज वाटली होती, आणि ती नेमकी कशाची हे तिला सांगता आलं नसतं.

संघटनेची ऑनलाइन सभा झाली तेव्हा मी धीर करून बांधीतली गोष्ट सांगितली. म्हटलं, आपणही एक करू शकतो. सुट्टीच्या दिवशी जादा ड्युटीसाठी फोन येतो, तो महिनाभर कोणीच घ्यायचा नाही. विम्याचं नीट होईपर्यंत फक्त एवढंच. मग एक जण म्हणाला, "आपण काय मजूर आहोत का?" पुष्कळांनी माना हलवल्या. ठराव झाला की विमा या विषयावर उपसमिती नेमावी आणि मी तिची निमंत्रक व्हावं. उपसमितीत मी एकटीच होते. दोन महिन्यांत मी चार बैठका घेतल्या, सगळ्या एकमतानं पार पडल्या.

दरम्यान आमचा ज्येष्ठ कॅप्टन प्रतिनिधी राहिला नाही. कंपनीनं त्याला वैमानिक कल्याण विभागाचा प्रमुख केलं. निरोपाच्या संदेशात त्यानं लिहिलं की टेबलाची बाजू बदलली तरी माणूस तोच आहे. ते मात्र खरं होतं.

हात बरा झाला. तपासणी करणाऱ्या डॉक्टरनं मला त्याची दोन बोटं जोरात दाबायला सांगितली, मी दाबली, तो ओय म्हणाला आणि मी पात्र ठरले. क्लेमचं काही झालं नाही. पण नव्या वर्षाचा विमा आला तेव्हा त्यात एक नवीन ओळ होती: शेतीकाम, स्वतःच्या अथवा इतरांच्या जमिनीवर, विमासंरक्षणातून वगळण्यात येत आहे. संघटनेच्या ग्रुपवर त्याच दिवशी संदेश पडला की आपल्या पाठपुराव्यामुळे पॉलिसीत स्पष्टता आणण्यात यश आलं आहे, आणि यासाठी उपसमितीचे विशेष आभार. खाली अंगठ्यांची रांग लागली.

तो संदेश मी बराच वेळ उघडा ठेवला. कॅप्टनपदाच्या बढतीची यादी त्याच महिन्यात निघायची होती, आणि ग्रुपवर कोण काय टाकतं हे वर पाहिलं जातं, असं सगळे म्हणत. मीही अंगठा टाकला.

संध्याकाळी आईचा फोन आला. हाताचं काय झालं, कागद आला का, असं तिनं विचारलं. मी सांगितलं, आला, मिटलं सगळं. ती म्हणाली, "बरं झालं. उशीर लागला, पण माणसं चांगली दिसतात तुझी."

पुढच्या महिन्यात यादी निघाली. तिच्यात माझं नाव होतं.